लिटरभर पेट्रोल, लिटरभर पाणी

मांडव्याच्या जेट्टीवरून अलिबाग साधारण वीस किलोमीटर. एवढ्या रस्त्यात बेताचं ॲव्हरेज देणारी गाडी लिटरभर पेट्रोल पिते आणि जवळजवळ तेवढंच पाणी मागे सोडत जाते. टाकीत पाण्याचा थेंब नसतो, तरीही. हिशेब शाळेतल्या रसायनशास्त्राचा आहे. लिटरभर पेट्रोल पाऊण किलोच्या आसपास भरतं, त्यात हायड्रोजन शंभरेक ग्रॅम. हायड्रोजनचा एकेक ग्रॅम हवेतला आठ-आठ ग्रॅम ऑक्सिजन ओढून घेतो, म्हणजे नऊशे ग्रॅम पाणी झालंच. सीएनजीचा आकडा तर थक्क करणारा. मिथेनच्या रेणूत एका कार्बनमागे चार हायड्रोजन, त्यामुळे एक किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी तयार होतं. स्टँडबाहेर इंजिन चालू ठेवून भाड्याची वाट पाहणारी सीएनजी रिक्षा एका परीने पाणीच तयार करत उभी असते.

मग हे पाणी एरवी दिसत का नाही, आणि कधीकधी पांढऱ्या लोटांनी का दिसतं? पांढऱ्या धुराबद्दलचा हा पहिला प्रश्न. दुसरा जास्त खर्चाचा आहे: दिसतंय ते पाणी इंधन जळून झालेलं, की रेडिएटरमधून चोरवाटेने आलेलं? आणि मुळात ते पाणी तरी आहे का?

मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट येते. तासाभराच्या प्रवासात गाड्या बोटीच्या पोटात बंद उभ्या असतात. इंजिन जाड धातूचं, ते तासाभरात पुरतं निवत नाही. सायलेन्सर पातळ पत्र्याचा, तो केव्हाच गार पडलेला असतो. जानेवारीतल्या सकाळच्या फेरीला गाड्या एकापाठोपाठ चालू होतात आणि काहींच्या मागून पांढरे पुंजके निघतात. जेट्टी मागे पडून रस्ता लागेपर्यंत ते नाहीसेही होतात.

घडतं ते असं. जळून निघालेल्या वायूत आकारमानाने जवळजवळ आठवा हिस्सा पाण्याची वाफ असते. सायलेन्सर गार असला की वायू आपली उष्णता त्या पत्र्याला देऊन टाकतो, आणि तापमान पन्नास अंशांच्या आसपास उतरलं की वाफेचे थेंब व्हायला लागतात. काही थेंब आतच साचून टोकातून टपकतात. ते निचरून जावेत म्हणून बऱ्याच सायलेन्सरांना खालच्या बाजूला मुद्दाम बारीक भोक ठेवलेलं असतं. (नव्या गाडीचे काही मालक ते भोक पाहून शोरूमला फोन लावतात.) बाकीचे थेंब बाहेर येऊन ढग होतात. पुढे सायलेन्सर तापतो, वायू शंभर-दीडशे अंशांवर बाहेर पडतो, आणि वाफ तेवढीच असूनही दिसेनाशी होते.

इथे हवेचा एक गुण कामाला येतो. घनमीटरभर हवेत शून्य अंशाला जेमतेम पाच ग्रॅम वाफ मावते, वीस अंशांना सतरा आणि तीस अंशांना तीस ग्रॅम. म्हणजे हवा दहा-अकरा अंशांनी तापली की तिची वाफ सामावून घेण्याची ताकद जवळपास दुप्पट होते. रायगडच्या किनाऱ्यावरची हवा दमट खरी, पण गरमही असते. तिच्यात दीडशे अंशांचा वायू मिसळला की मिश्रण आणखी तापतं आणि त्यात वाफेला भरपूर जागा होते. ढग व्हायची वेळच येत नाही. उलट थंड हवेत जागाच कमी. गरम वायू त्यात विरघळता विरघळता मध्येच कुठेतरी वाफ जास्त आणि जागा अपुरी अशी अवस्था येते, आणि तिथे ढग उमटतो.

म्हणून एकच धडधाकट गाडी दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी वागते. थंडीत श्रीवर्धनहून निघा, पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर गाठा, आणि वेण्णा तलावाकाठी दंव गोठतं अशा पहाटे तिथे असा. घाट चढून इंजिन चांगलं तापलेलं असतं, तरी सायलेन्सरमागे पांढरा पट्टा दिसतो. परतीला घाट उतरून खाली आलात की गाडी तीच, इंजिन तेच, आणि मागे काही नाही. दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या विमानामागची पांढरी रेघ हा याच नियमाचा सगळ्यात देखणा नमुना. तिथली हवा उणे चाळीस-पन्नास अंशांची असते. अशी रेघ कधी उमटेल आणि कधी नाही याचं गणित जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट श्मिट यांनी १९४१ मध्ये मांडलं आणि अमेरिकन हवामानतज्ज्ञ हर्बर्ट ॲपलमन यांनी १९५३ मध्ये ते वापरण्याजोगं केलं. विमानांसाठी केलेलं हे गणित रेवदंड्याच्या पुलावरून जाणाऱ्या मोटारीलाही लागू पडतं, याची मला मोठी गंमत वाटते.

यातून आपल्या किनाऱ्यापुरता एक कडक नियम हाती येतो. युरोप-अमेरिकेतले मेकॅनिक व्हिडिओंमध्ये सांगतात की थंडीत पांढरा धूर यायचाच, काळजी नको. त्यांच्या गावी ते खरं आहे. लेह-मनालीतही खरं आहे. उरणपासून हरिहरेश्वरपर्यंत मात्र ते फक्त पहिल्या काही मिनिटांपुरतं खरं. दहा-पंधरा किलोमीटर पळून तापलेल्या पेट्रोल गाडीतून इथे सायलेन्सरच्या तोंडून दाट पांढरा धूर येत असेल, तर ती हवामानाची करामत नव्हे. गाडीला काहीतरी झालेलं आहे. पावसाळ्यात एकच खबरदारी: रस्त्यावरच्या डबक्याचं पाणी तापलेल्या सायलेन्सरवर बाहेरून उडतं आणि त्याची वाफ गाडीखालून निघते. ती पाइपच्या तोंडातून येते की अंगावरून, एवढं वाकून पाहिलं की उलगडा होतो.

आता रंगाकडे. वाफ मुळात दिसतच नाही. आपण पाहतो ते तिचे झालेले थेंब. प्रकाशाची तरंगलांबी मायक्रॉनच्या निम्म्याच्या आसपास, ४०० ते ७०० नॅनोमीटर. थेंब याहून मोठे असले की ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून ढग, धुकं आणि हा धूर पांढरा. कण याहून बारीक असले की निळा रंग जास्त विखुरला जातो. घासलेल्या पिस्टन रिंगांमधून किंवा म्हाताऱ्या व्हॉल्व्ह सीलमधून आत गेलेलं इंजिन ऑइल जळतं तेव्हा त्याचे कण फार सूक्ष्म असतात, आणि 'ऑइल खाते' असं म्हणतात त्या गाडीचा धूर निळसर दिसतो. विखुरण्याच्या या खेळाचा एक मोठा अध्याय मांडव्यासमोरच्या पाण्यातच लिहिला गेला. युरोपहून परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 'नारकुंडा' जहाजाच्या डेकवरून समुद्राचा निळा रंग प्रिझम लावून तपासला, आणि तो केवळ आकाशाचं प्रतिबिंब नसून पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात, असं 'नेचर'ला कळवलं. पत्रावर ठिकाण होतं मुंबई बंदर आणि तारीख २६ सप्टेंबर १९२१. समुद्राच्या निळेपणात पाणी तांबडा प्रकाश शोषून घेतं याचा वाटा मोठा, हेही आज आपल्याला ठाऊक आहे. पण विखुरण्याच्या त्या ध्यासातूनच पुढे १९३० चं नोबेल आलं.

रोगाच्या धुरात सगळ्यात बदनाम नाव हेड गॅस्केटचं. इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये बसवलेली ही पातळ चकती, बहुतेक आधुनिक गाड्यांत पोलादी पत्र्यांच्या थरांची, जाडी मिलिमीटरच्या आसपास. तिच्या एका भोकात दोन हजार अंशांवर जाणारी ज्वाला, शेजारच्या भोकात नव्वद अंशांचं कूलंट, त्याच्या पलीकडे दाबाखालचं ऑइल. बोटभर अंतरावर तीन वेगळी जगं, आणि मध्ये एवढीशी चकती. ती वर्षानुवर्षं टिकते याचंच नवल करावं.

ती गेली की कूलंट सिलिंडरमध्ये शिरतं आणि वाफ होऊन पांढऱ्या लोटाने बाहेर पडतं, इतकं सगळेच सांगतात. पण सिलिंडरमधला दाब स्फोटाच्या क्षणी वातावरणाच्या पन्नासेक पट असतो आणि कूलंटचा असतो वातावरणापेक्षा जेमतेम एक पट जास्त. मग कूलंट आत शिरेलच कसं? त्याला तर बाहेर ढकललं जायला हवं. आणि तसं ढकललंही जातं. स्फोटाच्या वेळी जळके वायू फटीतून कूलंटमध्ये घुसतात. हवा आत ओढायच्या फेरीत सिलिंडरमध्ये दाब वातावरणाहूनही खाली जातो, आणि तेव्हा कूलंट आत येतं. धरमतरच्या खाडीत जशी एकाच वाटेने भरती येते आणि ओहोटी जाते, तशी त्या फटीतून दोन्ही दिशांनी ये-जा चालते, फक्त सेकंदाला कितीतरी वेळा. गाडी बंद केल्यावरही तापलेल्या कूलंटचा दाब लगेच उतरत नाही. रिकाम्या सिलिंडरमध्ये ते रात्री हळूहळू झिरपतं, आणि सकाळी पहिल्या चावीला इंजिन अडखळत, थडथडत चालू होतं आणि अंगण पांढरं होतं.

हा दुहेरी प्रवास एकदा लक्षात आला की सगळ्या चाचण्या आपोआप सुचतात. कूलंट आत जातं, म्हणजे त्याची पातळी बाहेर कुठेही गळती न दिसता कमी होत राहणार. वायू उलटे येतात, म्हणजे गार इंजिन चालू करताच रेडिएटरचा वरचा होज पाणी तापायच्या आधीच कडक होणार, आणि कूलंटच्या टाकीत बुडबुडे येत राहणार. ज्या सिलिंडरमध्ये वाफ होते तिथला प्लग चकचकीत धुतलेला निघतो, बाकीच्यांवर मात्र नेहमीचा भुरकट थर असतो. धुराला गोडसर वास येतो. तो कूलंटमधल्या इथिलीन ग्लायकॉलचा. नाक जवळ नेऊन मात्र हुंगू नका, दोन पावलं लांबूनही तो कळतो. ऑइल फिलरच्या झाकणाखाली दुधाळ, चिकट लेप दिसला तर पाणी ऑइलमध्येही गेलेलं असू शकतं. पण पावसाळ्यात ज्यांची गाडी रोज घर ते बाजार एवढीच फिरते त्यांच्या झाकणाखाली निव्वळ दमटपणानेही असा लेप धरतो, तेव्हा डिपस्टिक काढून बघावी. तिच्यावरचं ऑइलही दुधाळ असेल तरच धास्ती घ्यावी.

सगळ्यात सुंदर चाचणी रंगाची, म्हणजे ब्लॉक टेस्ट. एका काचेच्या नळीत निळा द्राव भरतात. त्यात असतो ब्रोमोथायमॉल ब्लू, प्रयोगशाळेत आम्ल ओळखायला वापरतात तोच. नळी रेडिएटरच्या तोंडावर धरून कूलंटवरची हवा त्यातून ओढतात. हवेत जळके वायू नसतील तर रंग निळाच राहतो. असतील, तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडचं पाण्यात कार्बोनिक आम्ल होतं आणि पेट्रोल इंजिनाचा द्राव पिवळा पडतो. हेड न उघडता, एकही बोल्ट न फिरवता निदान होतं. 'हेड गॅस्केट उडाली, हेड उतरवावं लागेल' असं कुणी नुसता धूर पाहून सांगत असेल तर 'दादा, आधी ब्लॉक टेस्ट करा' असं म्हणायचा गिऱ्हाइकाला पूर्ण हक्क आहे. हे साधन फार महाग नसतं, आणि ते न ठेवणाऱ्या गॅरेजबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही.

गॅस्केट सहसा स्वतःच्या दोषाने जात नाही. तिला गरमी मारते. आणि गरमी करायला रायगडचा किनारा पटाईत आहे. खारं वारं रेडिएटरच्या बारीक पात्या खाऊन टाकतं, होजच्या क्लिपा गंजवतं. थेंब-थेंब गळतीने पातळी उतरते. मग घरची विहीर किंवा बोअर जवळ असते, आणि किनाऱ्यालगतचं ते मचूळ पाणी रेडिएटरमध्ये ओतलं जातं. त्यातले क्षार आतल्या वाटांवर थर धरतात आणि क्लोराइड ॲल्युमिनियम कुरतडतं. वर्षभर काही कळत नाही. गणपतीत वडखळच्या कोंडीत गाडी तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घासत जाते, किंवा भरल्या गाडीने कार्ले खिंड चढायची वेळ येते, तेव्हा टेंपरेचरचा काटा लाल रेघेकडे सरकतो. बऱ्याच इंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं असतं. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. बोल्टांनी आवळलेलं हेड वाढायला जागा न मिळून वाकतं, आणि चकतीवरची पकड एका बाजूने सुटते. म्हणून नुसती नवी गॅस्केट टाकून भागत नाही. हेड लेथवाल्याकडे नेऊन सपाट आहे का ते मोजावं लागतं, फेसिंग करावं लागतं. हे न करता जोडलेलं इंजिन काही महिन्यांत पुन्हा तोच धूर काढतं.

डिझेलचं प्रकरण निराळं. रायगडच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं धावलेल्या मिनीडोअर असोत की कोळ्यांच्या होड्या, त्यांचा पांढरा धूर बहुधा पाण्याचा नसतोच. तो न जळलेल्या डिझेलचा असतो. डिझेल इंजिनाला ठिणगी नाही. हवा इतकी दाबायची की ती पाचशे अंशांच्या पुढे तापेल, आणि मग तिच्यात डिझेलचा फवारा मारायचा. रिंगा घासल्या आणि दाब कमी पडला, नोझल फवाऱ्याऐवजी धार मारू लागलं, हिटर प्लग गेला किंवा पंपाचं टायमिंग उशिरा पडलं, की इंधन तापून त्याची वाफ होते पण पेट घेत नाही. बाहेर येऊन त्याचे थेंब होतात. या धुराला कच्च्या डिझेलचा वास असतो आणि तो डोळ्यांना झोंबतो. जून-जुलैची मासेमारी बंदी संपून नारळी पौर्णिमेच्या सुमारास होड्या निघतात तेव्हा बंदरात असा धूर दिसतो. दोन महिने बंद पडलेलं इंजिन, अर्धवट रिकाम्या टाकीत दमट हवेतून उतरलेलं पाणी, फिल्टरखाली साचलेला गाळ. फिल्टरचा निचरा करून इंजिन नीट तापू दिलं की बऱ्याच होड्यांचा धूर जातो. ज्यांचा जात नाही त्यांना नोझलवाला गाठावा लागतो. काही यांत्रिक बोटींत थंडाव्याला घेतलेलं समुद्राचं पाणी मुद्दामच एक्झॉस्टमध्ये सोडतात. त्यांच्या मागची वाफ हा रोग नव्हे.

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-सहा डिझेल गाड्यांमध्ये आणखी एक पांढरा धूर सापडतो. काजळी अडवणारा फिल्टर भरला की गाडी स्वतःच तो तापवून आतली काजळी जाळते. तेव्हा थोडा वेळ पांढुरका धूर आणि जळका वास येतो. नुसत्या गावातल्या गावात फिरणाऱ्यांना तो वारंवार भेटतो. टर्बो असलेल्या गाडीत चाक मिनिटाला लाखभर फेरे घेतं, त्याचं सील गेलं की ऑइल थेट तापलेल्या पाइपमध्ये उतरून निळसर-पांढरा दाट धूर होतो. आणि एक अगदी आडवाटेचं कारण: ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमधून गळलेलं ब्रेक ऑइल बूस्टरच्या व्हॅक्यूम नळीतून इंजिनात ओढलं जातं. धूर सायलेन्सरमधून येतो आणि आजार ब्रेकला झालेला असतो. कूलंट शाबूत, ऑइल शाबूत, तरी धूर येत असेल तर ब्रेक ऑइलची डबी बघा, आणि पातळी उतरलेली दिसली तर गाडी चालवूच नका.

पुराच्या पाण्याचा धूर सगळ्यात फसवा. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी महाडात शिरलं तेव्हा गाड्या बुडाल्या. अशा गाडीच्या नुसत्या सायलेन्सरमध्ये पाणी असेल तर ते वाफ होऊन निघून जाईल. पण तेच पाणी सिलिंडरमध्ये असेल तर चावी फिरवणं घातक. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बुडालेली गाडी चालू करून बघू नये, ओढून न्यावी.

तापलेल्या गाडीतून दाट पांढरा धूर येतोय आणि काटा वर चढतोय असं दिसलं तर कडेला घ्या, इंजिन बंद करा आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. आतलं कूलंट दाबामुळे शंभर अंशांच्या वर असूनही उकळलेलं नसतं; झाकण सुटताच दाब जातो आणि ते तोंडावर उसळतं. अर्धा-पाऊण तास थांबा, होज हाताला गार लागू द्या. पुढचे 'फक्त पाच किलोमीटर' रेटण्यापेक्षा टोइंगवाल्याचे पैसे नेहमीच स्वस्त पडतात. निघताना जमिनीवर सांडलेलं कूलंट भरपूर पाणी ओतून धुवा. त्याच्या गोड चवीला कुत्री-मांजरं भुलतात, आणि थोडंसं चाटलं तरी त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात.